परातीतलं पाऊल

आमच्या घरात कुणी कधी हळू बोलत नसे. आईचा आवाज तळमजल्यापर्यंत जायचा, बाबा बातम्या ऐकताना रेडिओशी भांडायचे, आणि कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावरच्या हेतलच्या घरातला मिक्सर, खालून येणाऱ्या भाजीवाल्याच्या हाका या सगळ्यांवर चढूनच आम्ही एकमेकांशी बोलत असू. त्यामुळे मी इस्पितळातून घरी आले आणि सगळे एकदम कुजबुजायला लागले, तेव्हा मला पहिली शंका आली ती हीच, की माझ्यापासून काहीतरी लपवलं जातंय. पाय गेला हे मला माहीत होतं, माझाच होता तो. मग आणखी असं काय उरलं होतं, जे माझ्या कानावर पडू नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यावं लागत होतं?

अपघाताबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मी ठाण्याला मावशीकडे निघाले होते. वरसावेच्या नाक्यावर एका ट्रकने आम्हाला बाजूला ढकललं. बाबांचं कोपर खरचटलं आणि माझा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी तेव्हा सहावीत होते. बाबांनी स्कूटर विकली, ती कुणाला, केव्हा, हे घरात कुणी विचारलं नाही. त्यानंतर ते संध्याकाळी ऑफिसातून येताना रोज काही ना काही घेऊन येऊ लागले. कधी जिलेबी, कधी फरसाण, कधी नुसती पेरूची पिशवी. पूर्वी महिन्यातून एकदा आणणारा माणूस रोज आणायला लागला की खाणाऱ्याला घास गोड लागत नाही. मी पिशवी उघडायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे बघत असे.

कृत्रिम पाय तयार झाला तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. मुंबईत जिथे तो बनवून मिळे तिथल्या माणसाने माझ्या उरलेल्या पायाचं प्लास्टरमध्ये माप घेतलं आणि पुढच्या खेपेला माझ्या हातात एक पोकळ नळी दिली. तिला खाली रबरी पाऊल आणि वर मांडीला आवळायचा चामड्याचा पट्टा. पावलाला बोटं होती, नखांच्या जागी खळगे होते, पण रंग माझ्यापेक्षा चांगलाच सावळा. मी ते बोलून दाखवलं तर तो हसून म्हणाला, "सलवार घालायची, बाळा. कोणाला कळणार पण नाही." आईने लगेच मान हलवली. पुढे वर्षभर हेच वाक्य मी सगळ्यांच्या तोंडून ऐकलं. मावशी म्हणाली, शाळेतल्या बाई म्हणाल्या, खालचा वाणी म्हणाला. चालून दाखवलं की शाबासकी मिळायची ती एवढीच, अगं, कळतच नाही. सगळ्यांना माझं कौतुक जर न कळण्याचंच असेल, तर कळलं की काय होणार आहे, हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला.

लोकांना वाटतं पाय बसवला की माणूस चालू लागतो. प्रत्यक्षात माणूस आधी मोजे घालायला शिकतो. उरलेल्या पायावर सुती मोजा चढवायचा, त्याला एक जरी सुरकुती राहिली तरी दुपारपर्यंत तिथे फोड. मग नळीत पाय घालायचा, पट्टा आवळायचा, उभं राहून एकदा भार टाकून बघायचा. उन्हाळ्यात घामाने आत पाय सुटायचा आणि चालताना पचपच आवाज यायचा, म्हणून पावडर. आंघोळीला मोरीत स्टूल. पाय काढून ठेवलेला असला की घरात लंगडी घालत जायचं, भिंत, कपाट, फ्रिजचा दांडा असं एकेक पकडत. ओली फरशी ही माझी दुष्मन, आणि आई तर दिवसातून दोनदा फरशी पुसणारी बाई. शिवाय नसलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज यायची. ती खाजवायची कुठे हे मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

आज माझा पाय हलका आहे, आत मऊ सिलिकॉनचं अस्तर आहे, आणि मेट्रोच्या खांबांखालून वाट काढत मी पार इंद्रलोक वसाहतीपर्यंत भाजीला जाऊन येते. स्वभाव मात्र त्या वर्षी लागला तो लागलाच. रिक्षावाल्याने दोन रुपये सुटे नाहीत म्हणून सोडून दिले तरी मी आधी बघते की तो माझ्या सलवारीच्या घोळाकडे बघत होता का. माझी मुलगी म्हणते, आई, त्याच्याकडे खरंच सुटे नव्हते. असेल बाई.

त्या वर्षी मी डोळे वाचायला शिकले. काही लोक आल्याआल्या पायाकडे बघत, ते परवडले. दुसरे पायाकडे न बघण्याची मेहनत घेत, त्यांचा मला संताप यायचा. बाबा तिसऱ्या प्रकारातले. मी पाय चढवायला बसले की ते उठून गॅलरीत जात आणि पट्ट्याचा शेवटचा करकर आवाज झाला की परत येऊन पेपर उघडत. आईचं आणखी वेगळं. मी दुपारी सँडलसकट पाय काढून पलंगाला टेकवून ठेवत असे, आणि उठले की सँडल गायब. तो दाराबाहेरच्या रॅकवर आपल्या जोडीदारापाशी गेलेला असे, कारण चपला घरात आणायच्या नाहीत. पायाला घरात जागा होती, त्याच्या सँडलला नव्हती. यात हसण्यासारखं होतं, पण मग एके दिवशी शाळेतून आले तर पॅसेजमधला देव्हारा स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर गेलेला. आई म्हणाली, तिथे मुंग्या होतात. इतकी वर्षं मुंग्यांना देव सापडले नव्हते? माझ्या पट्ट्याचं चामडं रोज त्या पॅसेजमधून देवांसमोरून जात होतं, हे मला त्या क्षणी कळलं. त्या दिवसापासून मी आईवरही लक्ष ठेवायला सुरुवात केली.

मग नवरात्र आलं. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या सबनीस काकूंकडे घट बसायचे आणि एका सकाळी त्या कुमारिकांना जेवायला बोलवायच्या. मी अगदी लहान असल्यापासून त्यांची ठरलेली कुमारिका. पितळेच्या परातीत दोन्ही पावलं ठेवायची, काकू कोमट पाणी घालून ती धुवायच्या, पुसायच्या, त्यांच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढायच्या आणि चक्क वाकून नमस्कार करायच्या. एरवी जिन्यात धावलं म्हणून ओरडणाऱ्या काकू आपल्या पाया पडतात, याची मी वर्षभर वाट बघायची. नंतर पुरणपोळी, कटाची आमटी, आणि जाताना एक रुमाल नाहीतर रिबीन. त्या वर्षी ललितापंचमी झाली, षष्ठी झाली, तरी काकूंचं बोलावणं आलं नाही. वर मुलींचे आवाज ऐकू आले, तेव्हा मी आईला विचारलं. आई डाळ निवडत होती. म्हणाली, या वर्षी त्यांनी थोडक्यात केलं असेल.

थोडक्यात केलं नव्हतं. त्याच दुपारी काकू आमच्याकडे झाकलेलं ताट घेऊन आल्या. मी आतल्या खोलीत पडले होते. त्यांना वाटलं असेल झोपलीय, पण त्या वर्षी मी दुपारी डोळे मिटत असे ते ऐकण्यासाठीच. काकू आईला सांगत होत्या की वाईट वाटून घेऊ नका, माझ्या मनात काही नाही, पण कुमारिका सगळ्या अवयवांनी धड लागते असं शास्त्रच आहे, आपण बदलणारे कोण. पोर गुणाची आहे म्हणून ताट वाढून आणलं. दार बंद झाल्याचा आवाज आला आणि मी उशीत तोंड खुपसलं. मला रडू आलं ते काकूंमुळे नव्हे. माझ्यापासून लपवलं जात होतं ते इतके दिवस मी शोधत होते, आणि ते सापडल्यावर मला ते नको होतं.

त्या ताटातलं आम्ही कुणीच खाल्लं नाही. आईने ते कामवाल्या बाईंना दिलं आणि ताट घासूनपुसून माझ्यासमोरच काकूंकडे परत पाठवलं, रिकामं. आमच्याकडे शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. आईने साखरेचा डबा उघडलासुद्धा नाही. ती काकूंना तोंडावर एक शब्द बोलली नव्हती, पण तिसऱ्या मजल्यावर ते ताट पोचलं असेल तेव्हा काकूंना जे समजायचं ते समजलं असणार. त्यानंतर त्या दोघी जिन्यात भेटल्या की फक्त पाण्याच्या वेळेबद्दल बोलत.

आणि सप्तमीला संध्याकाळी तिवारी आंटी दारात आल्या. तळमजल्यावर त्या नव्याने राहायला आल्या होत्या, माझा पाय तयार झाल्यानंतर, त्यामुळे त्यांनी मला पाहिलं होतं ते सलवारीतच आणि थोडी पाय ओढत चालणारी. दारातूनच त्या म्हणाल्या की कल अष्टमी है, कन्या बिठा रही हूँ, बिटिया को भेज दीजिए. आईने हो म्हणून टाकलं. दार लावलं आणि दारालाच टेकून उभी राहिली. तिला काय वाटत होतं ते मला तेव्हा कळेना, कारण मी माझ्याच हिशेबात गुंतले होते. आंटींना माहीत आहे की नाही? नसेल, तर त्यांना आजवर कुणी सांगितलं कसं नाही, अख्ख्या बिल्डिंगला दुसरा विषय नव्हता. आणि माहीत असेल, तर मग बोलावतात कशाला? देवळाच्या पायरीवर बसलेल्या पांगळ्या माणसाच्या वाडग्यात लोक पैसे टाकतात आणि लगेच हात जोडतात, ते मी बघितलं होतं. मला तसं पुण्य म्हणून जायचं नव्हतं, आणि फसवून कन्या म्हणून घुसायचंही नव्हतं. नऊ कन्यांमधल्या बाकीच्या आठ जणींना बोलावलं तसंच मला बोलावलेलं हवं होतं. एवढं साधं मागणं, पण ते कुणापाशी मागायचं हेच समजत नव्हतं.

आईने मात्र मनाशी काही ठरवलं होतं. अष्टमीला सकाळी तिने मला पलंगावर बसवलं आणि नेलपॉलिशची बाटली आणली. आधी डाव्या पायाची नखं रंगवली, मग रबरी पाऊल मांडीवर घेऊन त्या खळग्यांमध्ये तोच लाल रंग भरला, अगदी जीव लावून, करंगळीपर्यंत. दोन्ही पायांत पैंजण घातले. चामड्याच्या पट्ट्यावर धुतलेल्या पंच्याचा तुकडा गुंडाळून टाचणीने पक्का केला. नवी पायघोळ सलवार. मग म्हणाली, "हे बघ शुभा, डावा पाय पुढे कर. त्यांनी दुसरा मागितला तर नुसता टाचेवर टेकव, त्या पटकन पाणी घालतील आणि पुढे जातील. आणि बोलू नकोस काही." मी विचारलं, त्यांना माहीत नाहीये का? आई टाचणी तोंडात धरून होती. ती काढून म्हणाली, "कळणार नाही."

जिना उतरताना दोन्ही पैंजण वाजत होते आणि मला फक्त उजव्याचाच आवाज येत होता. आंटींच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून चादर अंथरली होती. हेतल होती, बाजूच्या विंगमधल्या मुली होत्या, सगळ्या मांडी घालून बसल्या होत्या. मला मांडी घालता येत नव्हती, तर मी दाराशी असलेल्या पाटावर पाय पसरून बसले. आंटींनी काही विचारलं नाही. आतून शिऱ्याचा आणि काळ्या चण्यांचा वास येत होता. आंटी परात आणि लोटा घेऊन एकेकीपुढे बसत होत्या, डोक्यावरचा पदर सांभाळत. त्यांनी पाणी जरा जास्तच तापवलं होतं. पहिलीने चटका बसून पाय उचलला, मग दुसरीने आधीच किंचाळायची तयारी ठेवली, आणि सगळ्याजणी हसायला लागल्या. आंटीही हसल्या, म्हणाल्या, देवीमाँ लोग बड़ी नाज़ुक हैं. हेतलने तर दोन्ही पाय छातीशी घेतले आणि थंड पाणी मिसळेपर्यंत खाली ठेवलेच नाहीत.

माझ्यापाशी येईपर्यंत ते पाणी संपलं आणि आंटींनी गॅसवरून ताजं आणलं. मी डावा पाय परातीत ठेवला. चटका बसला, मी हिसका दिला, सगळ्या हसल्या, मीही हसले. मग त्यांनी हात पुढे केला आणि मी उजवं पाऊल टाचेवर टेकवलं. त्या खाली बघून पाणी घालत होत्या. घालत राहिल्या. परातीतून वाफ येत होती, सगळ्याजणी माझ्या ओरडण्याची वाट बघत होत्या, आणि आईने मला सगळं शिकवलं होतं, फक्त ओरडायचं शिकवलं नव्हतं. आंटींनी वर माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग बोटांनी पाऊल दाबून बघितलं, नखांवरचा रंग बघितला. मी तोंड उघडलं, पण आता ओरडून काय उपयोग होता? त्यांनी लोटा खाली ठेवला. डाव्या पावलाला कपाळ लावलं. उजव्यापाशी त्यांचा हात थांबला, आणि मग त्याच्यावरही टेकला, पण कपाळ नाही, नुसता हात. मी नीट बघत होते.

नंतर काही झालं नाही. कपाळाला टिळा, डोक्यावर लाल चुनरी, पत्रावळीत पुरी, चणे, शिरा. मी हेतलच्या पत्रावळीत डोकावून बघितलं, तिला शिरा जास्त आहे का, मला पुरी कमी आहे का. सगळं सारखं होतं. शिरा अतिशय सुंदर झाला होता आणि मी तो तसाच पत्रावळीत ठेवला.

संध्याकाळी दिवेलागणीला आंटी वर आल्या. आईला वाटलं चुनरीसोबतचं काही राहिलं असेल. मी पडद्यामागे. आंटी बसल्या नाहीत, पाणीही घेतलं नाही. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, त्यामुळेच मला भीती वाटली.

"बहनजी, पहले बता देतीं तो अच्छा होता."

आई म्हणाली, "बताती तो बुलाती क्या आप?"

खालून गरब्याच्या लाउडस्पीकरची चाचणी चालली होती, हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग. मला आता वाटतं, त्या बाईंना खोटं बोलायला त्या वेळी इतका अवधी होता. दुसरी कुणीही म्हणाली असती, अरे, का नाही, मुली सगळ्या सारख्याच. आंटींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"पता नहीं," त्या म्हणाल्या. "इनके दिल का ऑपरेशन है दिवाली के बाद. मन्नत की पूजा थी मेरी. पता नहीं, बहनजी."

आणि त्या गेल्या. आईने गॅस लावला, बंद केला, परत लावला. माझ्या लक्षात आलं की ती रडतेय, आणि ती सबनीस काकूंसमोर रडली नव्हती. मला मात्र, काय सांगू, त्या बाई आवडल्या. वर्षभरात सगळ्यांनी मला काहीतरी ठामपणे सांगितलं होतं. कळत नाही, होईल सगळं ठीक, मुंग्या होतात, थोडक्यात केलं असेल. माहीत नाही असं म्हणणारी ती पहिली बाई.

पण आवडल्या म्हणून सुटका नव्हती. दिवाळीनंतर तिवारी अंकलना मुंबईला इस्पितळात नेलं आणि त्यांच्या दाराला कुलूप लागलं. मी शाळेत जाता-येता त्या कुलपाकडे बघत असे. माझ्या पायामुळे पूजा मोडली आणि अंकल गेले तर? हे मी कुणालाही बोलले नाही. आईला बोलले असते तर तिने मला जवळ घेतलं असतं आणि दार लोटून बाबांशी कुजबुजली असती. जिन्यात कुणी जोरात पळत आलं की मी दाराशी जाऊन कान देत असे. रात्री बाबांनी आणलेले पेढेसुद्धा मी शंकेनेच खाल्ले, कोण बरं झालं म्हणून पेढे, आणि कोणाचं नाव मुद्दाम घेत नाहीयेत? शेवटी एका रविवारी खालून खोकण्याचा आवाज आला. गॅलरीतून वाकून बघितलं तर अंकल खुर्ची टाकून उन्हात बसले होते, अर्धे झाले होते, पण किनाऱ्यावरच्या डोंगरी गावाहून आलेल्या कोळणीशी बोंबलांच्या भावावरून हुज्जत घालत होते. डॉक्टरांनी बंद केलेले बोंबील. ती म्हणत होती, "भाव कमी न्हाय होनार, शेट, बर्फ पन महाग हाय." मी इतक्या जोरात हसले की त्यांनी वर बघितलं आणि हात हलवला. मीही हलवला.

मग वर्ष पायाखालून गेलं. मी कठडा न धरता जिना उतरायला शिकले. ओली फरशी दिसली की आधी डावा पाय टाकायचा, हे अंगवळणी पडलं. गणपतीत एकदा शाळेच्या पटांगणात पट्टा सुटला आणि पाय सगळ्या वर्गासमोर माझ्यापासून वेगळा झाला. मी तिथेच बसून तो परत चढवला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवसानंतर निदान माझ्या वर्गात तरी कुणी कळत नाही म्हणालं नाही. नेलपॉलिश मात्र त्या रबरात इतकं मुरलं होतं की कशानेच निघालं नाही. तिवारी आंटी जिन्यात भेटल्या की डोक्यावर हात ठेवायच्या, कैसी हो बिटिया विचारायच्या आणि पुढे जायच्या. त्या नजरेत काय आहे ते मला वाचता येत नव्हतं. इतरांचं लगेच यायचं, त्यांचंच येत नव्हतं.

पुढच्या नवरात्रात, अष्टमीच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली. मी अभ्यासाला बसले होते, पाय काढून. दारात आंटींचा आवाज आला आणि मी पेन खाली ठेवलं. त्यांनी आईला आवाज खाली आणून विचारलं, "कल कन्या बिठा रही हूँ. बिटिया बड़ी तो नहीं हो गई?"

आई तितक्याच हळू म्हणाली, "हां, हो गई. पिछले महीने."

ते खरंच होतं. पण आंटी म्हणाल्या, "अच्छा. फिर तो नहीं होगा," आणि दार लागलं, आणि माझ्या डोक्यात एकच विचार आला की किती सोयीचं कारण सापडलं यांना. न्हाण आलेली मुलगी कन्या म्हणून बसत नाही, हे मलाही माहीत होतं. पण त्यांनी ते आधी विचारलं होतं. बोलवायचंच नसेल आणि तोंडावर सांगायचं नसेल, तर माणूस अशीच वाट शोधतो. आई चेहरा कोरा ठेवून आत गेली. तिलाही तेच वाटलं असणार.

मी पाय चढवला. मोज्याला सुरकुती राहिली तरी तशीच निघाले. दार हळूच उघडून जिन्यात आले आणि कठड्याला धरून वर कान लावला. आंटींची पावलं वर चढत होती, खाली घराकडे नव्हे. दुसऱ्या मजल्यावर हेतलच्या घराची बेल वाजली. हेतलच्या आईने दार उघडलं. केम छो, आओ ना, झालं. मग आवाज खाली आला, आमच्या दारात आला होता तितकाच.

"बेटी बड़ी तो नहीं हो गई?"

"हो गई बेन," हेतलची आई म्हणाली. "आ मईना में ही."

"अच्छा. फिर तो नहीं होगा."

तोच सूर. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मी भिंतीला टेकले. पायात मोजा टोचत होता आणि मला रडू येत होतं, पण हे रडू वेगळं होतं, मला ते अडवावंसंच वाटेना. त्या बाई माझ्या दारात मला बोलवायला आल्या होत्या.

आंटी तिसऱ्या मजल्याकडे गेल्या. जरा वेळाने हेतल फणफणत खाली आली, वेणी अर्धी सुटलेली. म्हणाली की काय अन्याय आहे, मम्मीने सांगितलंच कशाला, आंटींचा शिरा गेला, आता दर वर्षी नुसतं बघत बसायचं. मग ती थबकली आणि माझ्याकडे बघितलं. तुला बोलावलं का, असं तिने विचारलं.

"मुझे भी नहीं," मी म्हटलं.

ते सांगताना मला इतका आनंद झाला होता की तो माझ्या तोंडावर मावत नव्हता. हेतल डोळे बारीक करून माझा चेहरा बघत राहिली, पायाकडे तिचं लक्षही नव्हतं, आणि मग तिचा माझ्यावरचा विश्वासच उडाला.

"झूठी," ती म्हणाली. "तुझे बुलाया है."